भिंतीच्या खांद्यावरचे ओझे

औद्योगिक क्रांतीचा धडा शिकवताना वाफेचे इंजिन, सूत कातणारी यंत्रे आणि आगगाडी यांचा उल्लेख हमखास येतो. त्याच काळात बदललेली आणखी एक गोष्ट मात्र धड्यात क्वचितच सापडते, आणि ती तर आपल्या चहूबाजूंना उभी असते. ती म्हणजे इमारत.

आपल्या तालुक्याच्या गावी ब्रिटिश अमदानीतली एखादी दगडी कचेरी किंवा रेल्वे स्टेशन असेल, तर तिच्या खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजून पाहा. दीड-दोन फूट सहज भरेल. मग आपल्या वर्गाची भिंत मोजा. शाळा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली आणि काँक्रीटच्या खांबांवर उभी असेल, तर ही भिंत सहा किंवा नऊ इंचांच्या वर जाणार नाही. जुनी इमारत एकमजली आणि नवी तीनमजली असली तरीही!

मजले वाढले आणि भिंत बारीक झाली, हे कसे? या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या सव्वादोनशे वर्षांचा वास्तुकलेचा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर आधी भिंत नेमकी काय काम करते ते पाहायला हवे.

भिंतीची तीन कामे

दगडविटांच्या जुन्या इमारतीत भिंत एकाच वेळी तीन कामे करते. पहिले काम भार वाहण्याचे. छत, वरचे मजले, त्यातली माणसे आणि सामान यांचे वजन ती पायापर्यंत पोहोचवते. दुसरे काम राखणीचे. ऊन, वारा, पाऊस, थंडी ती अडवते. तिसरे काम रूप दाखवण्याचे. ही इमारत देवळाची की न्यायालयाची, मालक श्रीमंत की साधा, हे भिंतीवरची नक्षी, कमानी आणि खिडक्यांची ठेवण सांगते.

ही तिन्ही कामे एकाच भिंतीकडे असल्यामुळे एकात बदल केला की बाकीची दोन अडचणीत येतात. उजेडासाठी मोठी खिडकी पाडली, की भार वाहणारा भाग कमी होतो. मजले वाढवले, की खालची भिंत जाड करावी लागते, आणि मग खालच्या मजल्यावर जागाही कमी आणि उजेडही कमी.

दगडाची आणखी एक मर्यादा आहे. ती वर्गात खडूने दाखवता येते. खडूचा तुकडा दोन तळहातांमध्ये उभा धरून दाबा. तो सहसा मोडत नाही. आता तोच तुकडा दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवा. कट्कन मोडतो. वाकताना त्याची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते, आणि ताण सोसणे खडूच्या स्वभावात नाही. दगड आणि वीट यांचेही तसेच. म्हणूनच दगडाची तुळई फार लांब टाकता येत नाही, आणि रुंद जागा झाकायची तर कमान करावी लागते, कारण कमानीतला प्रत्येक दगड फक्त दाबला जातो. रोमन अर्धगोल कमान, गॉथिक टोकदार कमान, आपल्याकडचे घुमट हे सारे दगडाच्या या स्वभावातून निघालेले मार्ग आहेत.

येथे कोणी शंका घेईल की आपल्या वाड्यांमध्ये भार लाकडी खांब आणि तुळयाही वाहत असत. ते खरे आहे. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो आणि घराचे माप खणांत सांगतो. सांगाड्याची कल्पना म्हणजे जुनीच. पण लाकूड जळते, कुजते, त्याला वाळवी लागते, आणि झाडाच्या लांबीपेक्षा लांब तुळई मिळत नाही. न जळणारा, हवा तेवढा लांब आणि कारखान्यात घडवता येणारा सांगाडा ही औद्योगिक युगाची देणगी.

लोखंड आले, पण सुताराच्या रीतीने

लोखंड माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते, परंतु ते गाळायला लाकडाचा कोळसा लागे आणि त्यासाठी जंगले तोडावी लागत. १७०९ मध्ये इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे एब्राहम डार्बी याने दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळले. पुढे लोखंड स्वस्त आणि मुबलक होत गेले. डार्बीच्या नातवाने, त्याचेही नाव एब्राहम डार्बीच, १७७९ मध्ये जवळच्या सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, सुमारे १०० फूट गाळ्याचा पूल उभारला.

हा पूल आजही उभा आहे. तो जवळून पाहिला तर एक गंमत दिसते. लोखंडाचे भाग एकमेकांना जोडताना लाकूडकामातले सांधे वापरले आहेत. एका तुकड्याला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारे कुसू, आणि घट्ट बसवायला पाचर! साहित्य नवे होते, पण ते जोडायचे कसे याचे ज्ञान सुताराकडूनच उसने घ्यावे लागले. शिवाय पुलाचा आकारही दगडी पुलासारखा कमानीचाच. नवे साहित्य हाती येणे आणि त्याला शोभेल असा नवा विचार सुचणे यांत बराच काळ जाऊ शकतो, याचे हे पहिले उदाहरण. पुढे ते पुन:पुन्हा दिसणार आहे.

इमारतीत लोखंड शिरले ते सौंदर्यासाठी नव्हे, आगीच्या भीतीने. त्या काळच्या गिरण्यांमध्ये तुळया आणि जमिनी लाकडी असत. त्यांत यंत्रांचे तेल मुरलेले, हवेत कापसाचे किंवा तागाचे तंतू, आणि उजेडाला मेणबत्त्या व तेलाचे दिवे. ठिणगी पडली की सारे भस्मसात. १७९१ मध्ये लंडनमधील अल्बियन नावाची मोठी पिठाची गिरणी जळून खाक झाली. १७९७ मध्ये श्रूजबरी येथे चार्ल्स बेज याने जवसाच्या तागाची पाच मजली गिरणी बांधताना लाकूड टाळले. बिडाचे खांब, त्यांवर बिडाच्या तुळया, आणि तुळयांच्या मध्ये विटांच्या उथळ कमानी असा तिचा सांगाडा होता. लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत म्हणून ती ओळखली जाते. तिच्या बाहेरच्या भिंती मात्र अजून विटांच्या आणि भार वाहणाऱ्याच होत्या. भिंतीचे पहिले काम आतल्या बाजूने निम्मे सुटले, इतकेच.

बिडाचा दोष खडूसारखाच. दाबाला उत्तम, ताणाला कच्चे. खांबाला ते चालते, पण तुळई वाकते तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरील रेल्वे पुलाची बिडाची तुळई गाडीखाली मोडली आणि पाच माणसे दगावली. त्यानंतर तुळयांसाठी घडीव लोखंडाचा वापर वाढला. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने आपल्या पद्धतीचे एकस्व घेतल्यावर, पुढच्या काही दशकांत पोलादही स्वस्त होत गेले. पोलाद दाब आणि ताण दोन्ही सोसते.

माळ्याने बांधलेला काचमहाल

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगातील उद्योगांचे भव्य प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी तात्पुरती इमारत हवी होती. स्पर्धेला २४५ आराखडे आले, पण समितीला एकही पसंत पडला नाही. वेळ तर निघून चालली होती. अशा वेळी जोसेफ पॅक्स्टन पुढे आला. तो वास्तुशिल्पी नव्हता. तो चॅट्सवर्थ येथील एका सरदाराच्या बागेचा मुख्य माळी होता, आणि उष्ण प्रदेशातली झाडे जगवण्यासाठी काचेची घरे बांधण्यात त्याने वर्षे घालवली होती.

पॅक्स्टनची युक्ती मापात होती. त्या काळी सहज मिळणारे काचेचे मोठे तावदान ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद असे. त्याने तावदानाच्या मापावरून छताची पन्हळ ठरवली आणि सारी इमारत २४ फुटांच्या खणांत बसवली. म्हणजे खांब सारखे, तुळया सारख्या, तावदाने सारखी. कारखान्यात हजारोंनी बनवा, रेल्वेने आणा आणि जागेवर जोडा. १८४८ फूट लांबीची, सुमारे ३ लाख तावदानांची ही इमारत नऊ महिन्यांच्या आत उभी राहिली. दगडात तिला कित्येक वर्षे लागली असती.

या कामात एका सरकारी निर्णयाचाही वाटा होता. इंग्लंडमध्ये काचेवर कर होता. तो १८४५ मध्ये रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. खिडक्यांवरचा करही १८५१ मध्येच उठला. इमारतीचे रूप कधी कधी करवसुलीच्या कायद्यातूनही घडते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

काचमहालात भिंत जवळजवळ नाहीशी झाली. भार खांबांनी घेतला आणि रूप काचेच्या चकाकीने दिले. मग दुसऱ्या कामाचे, राखणीचे काय? पाणी वाहून नेण्यासाठी पॅक्स्टनने खांब पोकळ ठेवले. छतावरचे पावसाचे पाणी त्यांतून खाली जाई. काचेच्या आतल्या बाजूला साचणारा दमटपणा निथळायला पन्हाळींत वेगळ्या खाचा होत्या. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून छतावर कापड अंथरले होते, आणि हवेसाठी बाजूला झडपा ठेवल्या होत्या. हे सारे लंडनसारख्या थंड गावी! काचघरात उकाडा होतो हे माळ्याला पक्के ठाऊक होते. पुढच्या शंभर वर्षांत अनेक नामवंत वास्तुशिल्पी ही साधी गोष्ट विसरणार होते.

प्रदर्शन संपल्यावर काचमहाल सुटा करून सिडनहॅम येथे मोठ्या स्वरूपात पुन्हा उभारण्यात आला. १९३६ मध्ये तो आगीत जळाला.

पोट लोखंडाचे, तोंड दगडाचे

काचमहाल लाखो लोकांनी पाहिला. आता सगळीकडे लोखंड आणि काच दिसू लागेल असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही.

लंडनचे सेंट पँक्रास स्टेशन पाहा. त्याचे फलाटांवरचे छत अभियंता विल्यम बार्लो याने १८६८ मध्ये पुरे केले. २४३ फूट रुंदीची एकसंध लोखंडी कमान, मध्ये एकही खांब नाही. त्या छतासमोर, रस्त्याच्या बाजूला, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्प्याने टोकदार कमानी आणि मनोऱ्यांचे लाल विटांचे गॉथिक हॉटेल उभारले. एकाच स्टेशनात दोन युगे पाठीला पाठ लावून उभी आहेत.

याचे एक कारण असे, की एव्हाना अभियंता आणि वास्तुशिल्पी हे दोन वेगळे व्यवसाय झाले होते. पूल, कारखाने, फलाटांची छते ही अभियंत्याची कामे मानली जात. ती उपयोगाची, पण त्यांना 'वास्तुकला' म्हणायला लोक तयार नसत. वास्तुकला म्हणजे ग्रीक, रोमन किंवा गॉथिक शैलीतले दगडकाम. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. बँक, न्यायालय, हॉटेल यांना भारदस्त दिसायचे होते, आणि भारदस्तपणा म्हणजे दगड हे समीकरण पक्के होते.

तिसरे कारण डोळ्यांच्या सवयीचे. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ मध्ये उभा राहिला तेव्हा ३०० मीटर उंचीचा होता, सर्वस्वी घडीव लोखंडाचा. त्याच्या चार पायांना जोडणाऱ्या खालच्या भव्य कमानी आपण चित्रांत पाहतो. मनोऱ्याच्या भक्कमपणासाठी त्यांची गरज नव्हती. त्या शोभेच्या आहेत. एवढे वजन उचलायचे तर खाली कमान असायलाच हवी, ही सवय त्या काळच्या डोळ्यांना होती, आणि या कमानींनी ती भागवली.

या कहाणीचा एक धागा थेट मुंबईत येतो. बार्लोबरोबर सेंट पँक्रासच्या छताचे काम करणारा आणि त्याआधी काचमहालाच्या उभारणीत भाग घेतलेला रोलँड मेसन ऑर्डिश नावाचा अभियंता होता. त्याने मुंबईतील काळा घोडा भागासाठी वॉटसन्स हॉटेलचा आराखडा केला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस हे हॉटेल उभे राहिले. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजाने आणल्या आणि येथे जोडल्या. भार सांगाड्यावर, मधल्या गाळ्यांत विटांची भरण, आणि बाहेर मजल्यामजल्याला मोकळे सज्जे. विशेष म्हणजे सांगाडा झाकलेला नव्हता. लंडनने जे हॉटेलाआड दडवले, ते मुंबईत उघडपणे रस्त्यावर उभे होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच इमारतीत झाला. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला.

मुंबईने तेव्हा हे उदाहरण पुढे चालवले नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचे बोरीबंदर स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांनी पुरे झाले. ते दगडाचे, घुमटाचे आणि गॉथिक थाटाचे आहे. तिन्ही कामे पुन्हा एका भिंतीकडे आली, आणि तिने ती उत्तम पार पाडली यात शंका नाही.

शिकागो : एका इमारतीचे दोन अर्धे

भिंतीचे पहिले काम पूर्णपणे सुटले ते अमेरिकेत शिकागो येथे. ऑक्टोबर १८७१ मधल्या भीषण आगीत या शहराचा मोठा भाग जळाला आणि सुमारे १ लाख लोक बेघर झाले. लोखंड जळत नसले तरी तापल्यावर त्याची ताकद जाते आणि ते वाकते, हा धडा त्या आगीने दिला. पुढे लोखंडी खांबांना पोकळ भाजलेल्या मातीच्या विटांचे आवरण देण्याची रीत पडली. शहर नव्याने बांधायचे होते, मध्यभागी जमिनीचे भाव भडकले होते, आणि उंच जाण्याचा मार्गही मोकळा झाला होता. दोर तुटला तरी न पडणारा पाळणा एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथे लोकांना दाखवला होता. उद्वाहक नसता तर दहाव्या मजल्यावर भाडेकरू गेला नसता.

१८८५ मध्ये विल्यम ल बॅरन जेनी याने दहा मजली होम इन्शुरन्स इमारत बांधली. तिचा बराचसा भार धातूच्या सांगाड्यावर होता. पूर्ण भार नव्हता, म्हणून तिला पहिली गगनचुंबी इमारत म्हणावे की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु शिकवण्यासाठी मोनाडनॉक ही इमारत अधिक सोयीची. तिचा उत्तरेचा अर्धा भाग १८९१ मध्ये झाला. सोळा मजले, आणि बाहेरच्या भिंती भार वाहणाऱ्या. त्यामुळे तळाशी भिंतीची जाडी ६ फूट! वजन इतके की इमारत काळाच्या ओघात दीड फुटाहून अधिक खचली. दक्षिणेचा अर्धा १८९३ मध्ये पोलादी सांगाड्यावर उभारला. येथे भिंत नुसते आवरण आहे, त्यामुळे ती पातळ आहे. दोन वर्षांच्या अंतराने, एकाच इमारतीत, जुन्या पद्धतीची अखेर आणि नव्या पद्धतीची सुरुवात शेजारी शेजारी पाहायला मिळते.

गंमत अशी, की दोन्हींपैकी दिसायला आधुनिक आहे तो जुन्या पद्धतीचा अर्धा. मालकांना खर्चिक नक्षी नको होती, म्हणून तो अगदी साधा, सपाट आहे. नव्या सांगाड्याच्या अर्ध्याला मात्र पारंपरिक अलंकार लाभले. रूप आणि रचना एकाच वेळी बदलत नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

दुसरा माळी आणि काँक्रीट

युरोपात आणखी एक साहित्य तयार होत होते. १८२४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ अस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे काँक्रीट म्हणजे ओतून केलेला दगडच, आणि त्याचा स्वभावही खडूसारखा. झोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याला झाडांसाठी मजबूत कुंड्या हव्या होत्या. त्याने काँक्रीटमध्ये लोखंडी तारांची जाळी घातली आणि १८६७ मध्ये तिचे एकस्व घेतले. काचमहालाप्रमाणे हीसुद्धा बागेतलीच देणगी!

ही जोडी जमते कशी? तुळई वाकते तेव्हा वरच्या बाजूचा दाब काँक्रीट सोसते आणि खालच्या बाजूचा ताण सळई घेते. तापमान वाढले की दोघे जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून एकमेकांपासून सुटत नाहीत. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने त्यातली सळई सहसा गंजत नाही, आणि आगीपासूनही ती झाकलेली राहते. समुद्राच्या खाऱ्या हवेने किंवा ओलीने हे संरक्षण मोडले, की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पडतात. कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक इमारतींत हे आपण पाहतो.

फ्रान्सच्या फ्रान्स्वा एनबिक याने १८९२ मध्ये खांब, तुळई आणि लादी एकजीव ओतण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले, आणि आर.सी.सी. चा प्रसार वेगाने झाला. १९०४ च्या सुमारास ऑग्युस्त पेरे याने पॅरिसमध्ये काँक्रीटच्या सांगाड्याचे निवासी घर बांधले. त्याने सांगाड्याला साध्या लाद्या आणि मधल्या भरणीला पानाफुलांच्या लाद्या लावल्या. भार कोण वाहतो आणि नुसते आवरण कोणते, हे बघणाऱ्याला वेगळे ओळखता येते. पेरेच्या कार्यालयात काही काळ काम केलेला एक तरुण पुढे ल कॉर्बुझिए या नावाने प्रसिद्ध झाला. १९१४ मध्ये त्याने घराचा एक सांगाडा रेखाटला. त्यात काही खांब, सपाट लाद्या आणि एक जिना एवढेच होते. भिंती कुठेही घाला किंवा घालू नका.

जर्मनीत वॉल्टर ग्रोपिअस याने १९१९ मध्ये बाउहाउस ही शाळा सुरू केली. १९२६ मधल्या डेसाऊ येथील तिच्या इमारतीत काचेची भिंत सांगाड्याबाहेर पडद्यासारखी टांगलेली होती. सेव्हर्नच्या पुलाला तोवर जवळपास दीडशे वर्षे झाली होती. नव्या साहित्याला स्वत:चा चेहरा मिळायला इतका अवधी लागला.

नवी शैली अलंकार नाकारणारी, रचना प्रामाणिकपणे दाखवणारी म्हणवली जाई. तिनेही सवलती घेतल्याच. न्यूयॉर्कची १९५८ मधली सीग्राम इमारत मीस व्हान डेर रोहे याची. अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे तिचा पोलादी सांगाडा काँक्रीटने झाकावा लागला. मग सांगाडा 'दिसावा' म्हणून त्याने बाहेरून कांस्याच्या उभ्या पट्ट्या लावल्या. त्या इमारतीचा भार वाहत नाहीत. आयफेलच्या कमानींची ही भावंडेच.

राखणीचे काम कोणाकडे?

पहिले काम सांगाड्याकडे गेले, तिसरे काम वेगळे झाले. राहिले दुसरे, ऊन-पावसापासून राखणीचे. जाड दगडी भिंत दुपारची उष्णता सावकाश आत सोडते. काच प्रकाशाबरोबर उन्हाची ऊर्जा आत घेते, पण आतून परत फेकली जाणारी अवरक्त उष्णता बाहेर जाऊ देत नाही. १९३३ मध्ये पॅरिस येथे ल कॉर्बुझिएने निराश्रितांसाठी बांधलेल्या वसतिगृहाला दक्षिणेकडे न उघडणाऱ्या काचेची सलग भिंत दिली. हवा थंड करणारी यंत्रणा पैशाअभावी राहून गेली. उन्हाळ्यात आत राहणे असह्य झाले. शेवटी उघडणाऱ्या खिडक्या कराव्या लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काचेपुढे ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या लागल्या. याच वास्तुशिल्प्याने १९५४ मध्ये अहमदाबादेतील गिरणी मालक संघटनेच्या इमारतीला सुरुवातीपासूनच अशा पट्ट्या दिल्या.

मुंबईला हे शहाणपण आधीच सुचले होते. बोरीबंदर बांधणाऱ्या स्टीव्हन्सचा मुलगा चार्ल्स याने १९३३ मध्ये रीगल चित्रपटगृह बांधले. बापाने दगडात गॉथिक बांधले, मुलाने नव्या जमान्याची आर्ट डेको शैली निवडली. त्या दशकात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर आर.सी.सी. ची निवासी घरे उभी राहिली. त्यांच्या खिडक्यांवरून इमारतभर धावणाऱ्या छज्ज्याच्या पट्ट्या, गोलाई दिलेले सज्जे, हे त्या शैलीचे अलंकारही आहेत आणि ऊन-पाऊस अडवण्याची सोयही. मैदानाच्या पूर्वेची गॉथिक आणि पश्चिमेची आर्ट डेको, या समोरासमोरच्या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

१९८३ मध्ये पुरी झालेली चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील कांचनजंगा ही उंच इमारतही याच वाटेवरची. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि मुसळधार पाऊसही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा वर नेला. घरांच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीची खोल गच्ची ठेवली, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन-पाऊस उंबऱ्याबाहेर थांबतो.

आज आपल्या शहरांत चहूबाजूंनी काचेने मढवलेली कार्यालये उभी राहतात. त्यांच्यात भिंतीचे दुसरे काम विजेवर चालणाऱ्या यंत्राकडे दिलेले आहे. वीज गेली की खिडकीसुद्धा उघडत नाही. एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या कार्बन डायॉक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे सात-आठ टक्के भाग बाहेर पडतो, हे लक्षात घेतले तर पुढच्या पिढीला इमारतीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. सांगाड्याने भिंतीला ओझ्यातून मोकळे केले. त्या मोकळिकीचे काय करायचे, हे कधी कराने, कधी आगीने, कधी प्रतिष्ठेने तर कधी काटकसरीने ठरवले. आपल्या हवामानानेही ते ठरवावे, अशी अपेक्षा गैर नाही.

हा विषय वर्गाबाहेर नेणे सोपे आहे. विद्यार्थ्यांचे गट करून गावातल्या वेगवेगळ्या काळच्या चार इमारती निवडा. प्रत्येकीसाठी तीन प्रश्न वहीत लिहायला सांगा: येथे भार कोण वाहतो? ऊन-पाऊस कोण अडवतो? आणि दर्शनी भाग काय सांगू पाहतो? भिंतीची जाडी फूटपट्टीने आणि दुपारी दोन वाजता आतले-बाहेरचे तापमान तापमापीने मोजा. आकडे शेजारी शेजारी मांडले, की कोणत्या इमारतीची भिंत अजून आपले काम करते आहे, हे मुलेच सांगतील.